आरोग्य-सॉफ्टवेअरचं नवं रिलीज कसं आखायचं: पहिल्यांदाच जबाबदारी घेणाऱ्यांसाठी

ओपनएमआरएस, बाहमनी (दोन्ही रुग्णांच्या नोंदींसाठी), डीएचआयएस२ (आरोग्याच्या आकडेवारीसाठी) अशा मुक्तस्रोत, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या प्रकल्पांवर काम करणारे प्रोग्रामर मुंबईत बरेच आहेत. बहुतेकांची सुरुवात एखादा छोटा बग दुरुस्त करण्यापासून होते. वर्ष-दोन वर्षं नीट काम केलं की कोणीतरी म्हणतं, "पुढचं रिलीज तू सांभाळ." कोड येत असतो, पण रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती लोकांच्या हातात देणं, आखायचं म्हणजे सकाळी उठून काय करायचं, हे कुठे एका जागी सापडत नाही. मी हे काम इथल्या रुग्णालयांबरोबर बसून शिकले. नव्याने येणाऱ्यांची धांदल थोडी कमी व्हावी म्हणून ते क्रमाने मांडते आहे.

माझं मत आधीच सांगते. केसपेपरच्या खिडकीवरच्या क्लार्कने सोमवारची ओपीडी नव्या आवृत्तीवर पार पाडली की रिलीज झालं. कोडवर आवृत्तीचा टॅग लागणं, बिल्ड हिरवं होणं (आपोआप चालणाऱ्या चाचण्या पार होणं) हे सगळं त्याच्या आधीचं. म्हणून आखणी त्या सोमवारपासून उलट मागे करत यायची.

१. तुमच्या हातात नेमकं कोणतं रिलीज आहे ते ठरवा

इथे बऱ्याच जणांचा पहिला गोंधळ होतो. ओपनएमआरएस २००४ मध्ये सुरू झालं आणि ते मुळात एक पाया आहे. छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयाच्या गरजेतून उभं राहिलेलं बाहमनी त्या पायावर ओपनईएलआयएस (लॅब), ओडू (बिलं आणि औषधांचा साठा) आणि डीसीएम४ची (एक्स-रेच्या प्रतिमा) जोडतं. मग त्यावर एखादं रुग्णालय स्वतःचे फॉर्म, स्वतःचे रिपोर्ट, स्वतःची औषधांची यादी चढवतं.

म्हणजे रिलीज तीन पातळ्यांवर होतं: मूळ सॉफ्टवेअरचं, जोडून दिलेल्या संचाचं आणि रुग्णालयातल्या मांडणीचं. तुम्ही संचाचं रिलीज करत असाल, तर प्रत्येक घटकाची आवृत्ती एका फाइलमध्ये पक्की लिहा. "लेटेस्ट" असं लिहिलेला एकही डॉकर टॅग (तयार पॅकेजच्या आवृत्तीची खूण) तिथे ठेवू नका. आज चाललेला संच पुढच्या महिन्यात गुपचूप वेगळा झालेला असतो आणि मग बग कुठून आला हे शोधताना आठवडे जातात.

२. रिलीजचा प्रकार

आवृत्तीचे तीन आकडे असतात. पहिला बदलला तर जुन्या गोष्टी मोडू शकतात, दुसरा बदलला तर नव्या सोयी आल्या, तिसरा बदलला तर फक्त दुरुस्त्या. हा शब्द पाळायचा, कारण रुग्णालयातला आयटीचा माणूस एवढ्यावरूनच ठरवतो की हे आज रात्री चढवायचं की तीन महिन्यांनी.

सुरक्षेची दुरुस्ती असेल, तर तिच्यात दुसरं काहीही मिसळू नका. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावाच्या लायब्ररीमधली त्रुटी उघड झाली, तेव्हा ती वापरणाऱ्या असंख्य प्रकल्पांना काही दिवसांत दुरुस्ती द्यावी लागली. अशा वेळी रुग्णालय ती तातडीने घेतं, ते आत आणखी काही बदललेलं नाही या खात्रीवर. "आता सोडतोच आहोत तर हा नवा डॅशबोर्डही टाकू" असं कोणी म्हणालं, तर नाही म्हणणं हे तुमचं काम आहे.

३. तारीख: पंचांग रुग्णालयाचं

मुंबईत जून संपता संपता मलेरिया, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढू लागतात आणि सप्टेंबरपर्यंत मेडिसिनचे वॉर्ड भरलेले असतात. या काळात नवी आवृत्ती चढवायची नाही. गणपती आणि दिवाळीत निम्मा स्टाफ रजेवर असतो. मार्चमध्ये आर्थिक वर्षाचे हिशेब असतात. दर महिन्याच्या सुरुवातीला मागच्या महिन्याचे अहवाल पाठवायची घाई असते. हे सगळं वजा केलं की मला नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वात सोयीचा वाटतो. मोठं रिलीज तिथेच बसवा. मधल्या काळात छोट्या दुरुस्त्या चालतील.

मूळ प्रकल्प जगभर वापरला जातो, त्याची तारीख तुमच्या पावसाळ्याकडे बघून ठरणार नाही. तुम्ही ठरवायची ती चढवण्याची तारीख. त्या तारखेपासून मागे मोजताना मी साधारण असं धरते: चार आठवडे रुग्णालयातली रंगीत तालीम, त्याआधी तीन आठवडे रिलीज कँडिडेट (तपासायला दिलेली जवळजवळ अंतिम आवृत्ती), त्याआधी दोन आठवडे फ्रीझ. फ्रीझ म्हणजे नवं काही आत घ्यायचं नाही, फक्त सापडलेले दोष काढायचे.

तारीख आणि कामांची यादी, दोन्ही घट्ट धरून चालत नाही. तारीख घट्ट धरा, यादी सैल सोडा. जे तयार नाही ते पुढच्या रिलीजमध्ये जाईल. एका सोयीसाठी महिनाभर थांबलात, तर त्या महिन्यात आणखी चार जण स्वतःची सोय घेऊन येतात.

४. आधी जमवून ठेवायच्या गोष्टी

कागद आणि परवानग्या:
- घटकांच्या आवृत्त्यांची यादी आणि प्रत्येकाचा परवाना
- रिलीजमध्ये काय आहे आणि काय मुद्दाम नाही, याचं एक पान
- रुग्णालय प्रशासनाची बंद वेळेला लेखी मंजुरी
- लॅब, फार्मसी, नोंदणी आणि वॉर्ड यांच्याकडून प्रत्येकी एका जबाबदार व्यक्तीचं नाव
- परत मागे फिरण्याची लिखित पद्धत

साधनं:
- गिट, जेनकिन्स किंवा गिटहब ॲक्शन्ससारखी आपोआप बिल्ड आणि चाचण्या करणारी व्यवस्था
- मूळ सर्व्हरइतक्याच क्षमतेचा चाचणी-सर्व्हर
- काल्पनिक रुग्णांचा डेटा
- रुग्णालयात खरोखर वापरतात तोच प्रिंटर, निदान एक

प्रिंटर यादीत बघून नवल वाटेल. पण केसपेपरवरचा बारकोड जुन्या प्रिंटरवर धूसर आला, तर स्कॅनर तो वाचत नाही आणि क्लार्क प्रत्येक नंबर हाताने टाइप करत बसतो. रांग तिथेच दुप्पट होते.

५. पाया अजून उभा आहे का ते बघा

प्रत्येक घटकाची मुदत तपासा. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ५.७ आवृत्तीचा आधार ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, ८.० साठी एप्रिल २०२६ ही मुदत दिली गेली. सर्व्हरवरच्या सेंटओएस ७ या ऑपरेटिंग सिस्टिमची मुदत जून २०२४ मध्ये संपली. स्क्रीन लिहिण्याच्या अँग्युलरजेएस या साधनाला तर २०२१ संपतानाच पूर्णविराम मिळाला, तरी त्यावर लिहिलेले रुग्णालयांचे स्क्रीन आजही दिसतात. मुदत संपलेल्या गोष्टीवर नवं रिलीज देत असाल, तर ते रिलीज नोटमध्ये स्पष्ट लिहा आणि बदलायची तारीख सांगा.

६. डेटाबेसमधले बदल: इथे सर्वात जास्त वेळ द्या

स्क्रीनवरचं बटण चुकलं तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त होतं. रुग्णाच्या नोंदी बिघडल्या, तर ते कधी कधी सहा महिन्यांनी, एखाद्या डॉक्टरने जुना रिपोर्ट उघडल्यावर कळतं. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

ओपनएमआरएस डेटाबेसमधले बदल लिक्विबेस या साधनाने करतं, डीएचआयएस२ फ्लायवेने. दोन्हींचा नियम सारखा: एकदा बाहेर गेलेली बदल-फाइल पुन्हा हाताळायची नाही. ही साधनं प्रत्येक बदलाचा चेकसम (मजकुरावरून काढलेली खूण-संख्या) ठेवतात. तुम्ही जुन्या फाइलमध्ये काही बदललंत, की ज्या रुग्णालयात ती आधीच चालली आहे तिथे नवी आवृत्ती सुरूच होणार नाही. चूक सुधारायची असेल तर नवी फाइल लिहा.

दुसरा सापळा मायएसक्यूएलचा. टेबलची रचना बदलणारा आदेश तिथे लगेच पक्का होतो. दहा बदलांपैकी सातव्यावर गाडं अडलं, तर पहिले सहा तसेच राहतात आणि डेटाबेस धड जुना नाही, धड नवा नाही अशा अवस्थेत अडकतो. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये असे बहुतेक बदल एकत्र मागे घेता येतात. त्यामुळे मायएसक्यूएलवर काम करताना प्रत्येक बदल वेगळा, छोटा आणि पुन्हा चालवला तरी अपाय न करणारा लिहा.

तिसरं, वेळ मोजा. ओपनएमआरएसमध्ये तपासण्यांच्या आणि निरीक्षणांच्या नोंदींचं टेबल सर्वात मोठं असतं. तुमच्या लॅपटॉपवर शंभर रुग्णांच्या डेटावर इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची) क्षणात तयार होतो. पाच-सात वर्षं चालू असलेल्या रुग्णालयात त्यालाच काही तास लागू शकतात. मोजल्याशिवाय बंद वेळ जाहीर करू नका. आणि हे मोजण्यासाठी खऱ्या नोंदींची प्रत घरी आणायची नाही. रुग्णालयाच्याच सर्व्हर-रूममध्ये, त्यांच्याच आयटीच्या माणसाच्या हाताने तालीम करा आणि फक्त घड्याळातले आकडे सोबत न्या.

चौथं, देवनागरी. जुन्या डेटाबेसचा अक्षरसंच लॅटिन१ असेल, तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं साठतात आणि ती परत मिळत नाहीत. उपाय म्हणून यूटीएफ८एमबी४ या सर्व लिप्या सामावणाऱ्या अक्षरसंचावर जाताना वेगळीच अडचण येते: त्यात एका अक्षराला चार बाइट धरले जातात, २५५ अक्षरांच्या रकान्याचे १०२० बाइट होतात आणि जुन्या पद्धतीच्या टेबलांवर इंडेक्सची मर्यादा ७६७ बाइटची असते. आदेश तिथेच थांबतो. अशा रकान्यांची यादी आधी काढा.

पाचवं, आपली साडेपाच तासांची वेळ. जन्मतारीख रात्री बाराची धरून साठवली आणि सर्व्हरने ती जागतिक वेळेत बदलली, तर ती आदल्या दिवशीच्या संध्याकाळी साडेसहाची होते. १५ ऑगस्टला जन्मलेलं बाळ १४ ऑगस्टचं दिसतं. हिपॅटायटिस-बीची पहिली लस जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायची असते, त्यामुळे हा एक दिवस क्षुल्लक नाही. जन्मतारीख ही फक्त तारीख म्हणून साठवा, वेळ वेगळ्या रकान्यात.

आणि सर्वात महत्त्वाचं: एखाद्या नोंदीचा अर्थ किंवा एकक कधीही जागच्या जागी बदलू नका. "वजन" किलोत होतं आणि नवजात शिशूंसाठी ते ग्रॅममध्ये हवं आहे, तर नवी संकल्पना (नोंदीचा प्रकार) तयार करा आणि जुनी निवृत्त करा. ओपनएमआरएसमध्ये त्यासाठी सोय आहे, तिथे अशा गोष्टी पुसत नाहीत. जागच्या जागी एकक बदललं, तर जुने सगळे आकडे त्याच क्षणी खोटे ठरतात आणि औषधाची मात्रा वजनावरून काढणाऱ्या डॉक्टरला ते कळण्याचा मार्ग नसतो.

७. चाचणी कोणत्या रुग्णांवर, कोणाकडून

काल्पनिक रुग्ण तयार करायला सिंथिया हे मुक्त साधन आहे. ते अमेरिकेतल्या लोकसंख्येवर बेतलेलं आहे, म्हणून जसंच्या तसं वापरू नका. आपल्याकडच्या नोंदणीत काय येतं ते स्वतः बसून लिहून काढा. आडनाव नसलेली व्यक्ती. "वय अंदाजे साठ". पोलिसांनी अपघातानंतर आणलेला अनोळखी रुग्ण, ज्याची एमएलसी (पोलीस-प्रकरण म्हणून नोंद) करायची आहे आणि ज्याचं नाव दोन दिवसांनी कळेल. अजून नाव न ठेवलेली जुळी बाळं, दोघांचीही नोंद आईच्या नावाने. पत्ता म्हणून फक्त "चाळ नंबर चार, मंदिराच्या मागे". सिंधुदुर्गहून उपचारासाठी परळला आलेला आणि पत्ता गावचा द्यावा की भाच्याच्या खोलीचा या विचारात पडलेला माणूस. या सगळ्यांची नोंदणी न अडखळता झाली पाहिजे.

चाचणी प्रोग्रामरने केली तर ती अर्धीच होते. क्लार्क, वॉर्डातल्या सिस्टर, फार्मासिस्ट, लॅब टेक्निशियन यांना प्रत्येकी अर्धा तास बसवा. शिकवू नका, मध्ये बोलू नका. सिस्टर कुठे थांबतात, कोणत्या बटणावर दोनदा दाबतात, कुठे कागदावर लिहून घेतात हे टिपा. त्यांचा वेळ दुपारी दोननंतर मागा. सकाळी मागितलात तर तो रुग्णांच्या वाट्याचा असतो.

८. मराठी स्क्रीन

फ्रीझच्या दिवशीच स्क्रीनवरचे शब्दही गोठवा, नाहीतर भाषांतर करणारे स्वयंसेवक रोज बदलणाऱ्या मजकुरामागे धावत राहतात. ओपनएमआरएस आणि डीएचआयएस२ ची भाषांतरं ट्रान्सिफेक्स या संकेतस्थळावर होत आली आहेत, तिथे मराठीचं काम हातात घ्यायला नवखी माणसंही चालतात.

तांत्रिक बाजू दोन. "ऱ" हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतं: एकसंध, किंवा "र" आणि नुक्ता (खालचा टिंब) मिळून. दिसायला दोन्ही सारखी, शोधताना वेगळी. एका संगणकावर नोंदवलेला रुग्ण दुसऱ्यावर सापडत नाही आणि त्याची दुसरी नोंद तयार होते. साठवण्यापूर्वी आणि शोधण्यापूर्वी नाव एनएफसी या प्रमाणित रूपात आणलं की प्रश्न सुटतो. दुसरं, पीडीएफ तयार करणाऱ्या काही जुन्या लायब्ररी जोडाक्षरं तोडतात. "डिस्चार्ज कार्ड" छापून डोळ्यांनी वाचून बघा.

औषधाच्या मात्रेचे आकडे मात्र मी मराठी स्क्रीनवरही इंग्रजी अंकांतच ठेवते. घाईत देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ यांची गफलत होऊ शकते, आणि ती जोखीम घ्यायचं काहीच कारण नाही.

९. सरकारी जोडण्या आणि नियम

आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी जोडणी असेल, तर आधी त्यांच्या सँडबॉक्समध्ये (सरावासाठीच्या सर्व्हरवर) पूर्ण फेरी मारा: आभा या १४ अंकी आरोग्य-ओळख क्रमांकावरून रुग्ण ओळखणं, त्याची संमती घेणं, नोंद पाठवणं. नोंदी एफएचआयआर आर४ या आरोग्य-माहितीच्या देवाणघेवाणीच्या प्रमाणित साच्यात जातात. एसएनओएमईडी सीटी ही वैद्यकीय संज्ञांची यादी भारतात विनाशुल्क वापरता येते, त्यासाठीचं राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि सर्व्हरचे लॉग (कामकाजाच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस ठेवावे लागतात. तुमच्या नव्या आवृत्तीने डिस्क वाचवायला लॉग महिन्यातच पुसायला सुरुवात केली, तर अडचणीत येईल ते रुग्णालय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यामुळे संमतीची नोंद कुठे राहते, हेही विचारलं जाईल. उत्तर तयार ठेवा.

फोनवरचं ॲप असेल तर आणखी एक. आशाताई सर्व्हरबरोबर त्याच रात्री ॲप बदलणार नाहीत. काहींच्या फोनमध्ये जागा नसते, काहींच्या फोनमध्ये अजून न पाठवलेल्या नोंदी असतात. जुन्या ॲपने पाठवलेल्या नोंदी नव्या सर्व्हरने निदान काही महिने स्वीकारल्या पाहिजेत, आणि ॲप बदलण्यापूर्वी साठलेल्या नोंदी पाठवायला सांगणारी सूचना स्क्रीनवर हवी.

१०. रिलीज नोट

दोन लिहा. एक आयटीसाठी: काय बदललं, काय मोडलं, किती वेळ लागतो, किती डिस्क लागते, परत कसं फिरायचं. दुसरी एका पानाची, मराठीत, स्क्रीनच्या चित्रांसह, खिडकीजवळच्या भिंतीवर चिकटवायला.

११. चढवण्याचा दिवस

शनिवारी ओपीडी आटोपल्यावर सुरू करा. रविवारी ओपीडी बंद असते, फक्त कॅज्युअल्टी आणि वॉर्ड चालू असतात, म्हणजे खरं काम पण कमी गर्दीत. बंद वेळ रविवारच्या मेगाब्लॉकसारखी जाहीर करा: कधीपासून, कधीपर्यंत, आणि तोवर पर्यायी वाट कोणती.

ती वाट म्हणजे कागद, आणि कागदाचीही आखणी लागते. बंद वेळेत आलेल्या रुग्णांसाठी केसपेपर नंबरांची एक मालिका आधीच राखून ठेवा आणि सॉफ्टवेअरला ती देऊ नका असं सांगा. हे विसरलं की कागदावर दिलेला नंबर नंतर संगणक दुसऱ्याच रुग्णाला देतो. मग एकाचा रक्तगट दुसऱ्याच्या नावावर दिसू शकतो.

बॅकअप घेतला एवढ्यावर थांबू नका, तो दुसऱ्या सर्व्हरवर उघडून रुग्णसंख्या जुळते का ते बघा.

परत फिरायचा निर्णय रविवारी संध्याकाळी ठरलेल्या वेळी घ्या, आणि तो कोण घेणार हे आधीच लिहून ठेवा. सोमवारी सकाळी शेकडो नवे केसपेपर निघाले की जुना बॅकअप परत आणणं म्हणजे ते सगळे गमावणं. त्यानंतर फक्त पुढे दुरुस्त करत जाता येतं.

सोमवारी ओपीडी उघडायच्या अर्धा तास आधी तुमचा एक माणूस नोंदणीच्या खिडकीमागे, एक फार्मसीत आणि एक लॅबमध्ये उभा असला पाहिजे. आलेल्या तक्रारी तीन भागांत लिहा: रुग्णाला धोका, काम अडलं, गैरसोय. पहिल्या भागातलं काही आलं तर त्याच क्षणी ती सोय बंद करून कागदावर जा. गैरसोयींना दोन आठवडे हात लावू नका. त्यातल्या बऱ्याच सवयीने मावळतात.

१२. नंतर

पहिली दुरुस्ती आवृत्ती साधारण दोन-तीन आठवड्यांत द्यावी लागेल असं धरूनच माणसं राखून ठेवा. मागच्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या कधीपर्यंत मिळतील, ती तारीख रिलीजच्याच दिवशी जाहीर करा, कारण सरकारी किंवा धर्मादाय रुग्णालयाला नवा सर्व्हर घ्यायचा असेल तर त्याची मागणी पुढच्या वर्षाच्या बजेटमध्ये बसवावी लागते. आणि तालमीत मोजलेल्या वेळा, सापडलेले दोष, राखून ठेवलेली नंबरांची मालिका हे सगळं प्रकल्पाच्या रिपॉझिटरीत (कोड ठेवायच्या जागी) कोडच्या शेजारी टाका. पुढचं रिलीज सांभाळणारी व्यक्ती ते पहिल्या दिवशी तिथेच शोधेल.